त्या तक्त्यात मी कुठल्या ओळीत?

पत्र :
ताई, नमस्कार. वय अडतीस, सॉफ्टवेअरमध्ये चौदा वर्षं झाली. बायको माध्यमिक शाळेत गणित शिकवते, मुलगी सात वर्षांची आहे. सध्या हातात दोन ऑफर आहेत : एक आइसलंडमधल्या रेक्याविकची, दुसरी मॉरिशसमधल्या एबेनची. दोन्ही छोटे देश आणि दोन्ही बेटं, बाकी काडीचं साम्य नाही. मी एक्सेलमध्ये चौदा ओळींचा तक्ता केला. दरडोई उत्पन्न, मानव विकास निर्देशांक, सुरक्षितता, महागाई, कर, हवा, शाळा, आरोग्य असं सगळं त्यात घातलं. अकरा ओळींत आइसलंड पुढे आलं. तरी बायकोचं मत मॉरिशस. कारण विचारलं तर म्हणाली, "त्या तक्त्यात मी कुठल्या ओळीत आहे?" आमचा बेत तीन-चार वर्षं राहून चार पैसे बाजूला टाकायचे, मग पुढचं बघायचं, असा आहे. महिनाअखेरीपर्यंत दोन्हीकडे कळवायचंय. खरंच कोणता देश चांगला?
— तक्तेवाला

उत्तर :
तक्तेवाले, तुम्ही सोबत जोडलेला तक्ता मी दोनदा वाचला. मेहनत दिसते. मानव विकासाच्या यादीत आइसलंड अलीकडे पहिल्या क्रमांकावर आलंय, शांततेच्या यादीत तर २००८ पासून पहिला नंबर त्यांनी सोडलेलाच नाही. तेव्हा अकरा ओळी त्यांच्या पदरात पडल्या यात नवल नाही. तुमचे आकडे बरोबर आहेत. मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

पहिलीच ओळ घ्या. दरडोई उत्पन्न आइसलंडचं वर्षाला सुमारे ८० हजार डॉलर, मॉरिशसचं जेमतेम १२ हजार. हे वाचून तुम्ही आइसलंडला गुण देऊन टाकलेत. पण हा आकडा तुमच्या खिशाचा नव्हे, शेजाऱ्याच्या खिशाचा आहे. तुमचा पगार ऑफर लेटरवर छापलेला आहेच. आता शेजारी श्रीमंत असला की आपलं काय होतं, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दोन देशांत अगदी उलटसुलट आहे.

आइसलंडमध्ये किमान वेतनाचा सरकारी कायदा नाही. तिथे कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना समोरासमोर बसून करार करतात आणि दहातले जवळपास नऊ कामगार संघटनेत असतात. त्यामुळे सगळ्यात खालच्या आणि वरच्या पगारातली दरी जगात कमीत कमी असलेल्या देशांत त्यांची गणना होते. बस चालवणारा, फरशी बसवणारा, केस कापणारी, सगळे नीट जगतात. म्हणजेच ते तुमच्यासाठी तासभर काम करतील तेव्हा त्या तासाचे भरपूर पैसे लावतील. नळ गळला, तुम्ही दुरुस्त करायचा. भिंत रंगवायची, तुम्ही. बाहेर जेवायला जाणं हा सणाचा प्रकार. स्वयंपाक, धुणं, भांडी, केर हे चौघांत वाटून घ्यायचं, आणि तुम्ही तिघेच आहात. वर प्राप्तिकर पहिल्याच टप्प्यावर ३१ टक्क्यांच्या पुढे सुरू होऊन वरच्या टप्प्यावर ४६ पर्यंत जातो. आणि देशात धान्यभाजीचं शेत कमी, जहाजाने आलेला माल जास्त.

मॉरिशसमध्ये तुम्ही सरासरीच्या बरेच वर बसाल. प्राप्तिकराचा वरचा दर २० टक्के, डिसेंबरात तेरावा पगार कायद्यानेच मिळतो, घरकामाला माणूस परवडतो. थोडक्यात, रेक्याविकला सरकारी सोयी वाढतील आणि ऐट कमी होईल, एबेनला ऐट वाढेल आणि सोयींसाठी अधूनमधून खिशात हात घालावा लागेल. यातलं चांगलं कोणतं हे माणसागणिक बदलतं. मला स्वतःला दुसऱ्याने आपली भांडी घासावीत याची सवय मोडायला एक अख्खं वर्ष लागलं होतं, आणि ते वर्ष काही गोड नव्हतं.

आता तुमच्या तक्त्यात मुळीच नसलेली गोष्ट. छोट्या देशाची अर्थव्यवस्था म्हणजे दोन-चार खांबांवरचं माळवद. एक खांब हलला की सगळ्या घराला कळतं. तेव्हा तो देश श्रीमंत किती हे बघून झालं असेल तर खांब कोणते आणि गेल्या वेळी हलले तेव्हा कोणी खांदा दिला, हे बघा.

आइसलंडचे खांब तीन : मासे, वीज, पर्यटक. माशांसाठी त्यांनी १९५८ ते १९७६ दरम्यान ब्रिटनशी तीनदा समुद्रात झटापट केली आणि शेवटी किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतचं पाणी आपलं करून घेतलं. देशाला लष्कर नाही, हे लक्षात घ्या! तटरक्षक दलाच्या बोटी ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्यांचे दोर कापत सुटायच्या. वीज जवळपास सगळी धरणांची आणि जमिनीखालच्या वाफेची, त्यामुळे स्वस्त. पण भर समुद्रातल्या बेटाने वीज विकायची कोणाला? त्यांनी युक्ती काढली. देशात बॉक्साइटचा खडाही नसताना अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने आणले. कच्चा माल जहाजाने येतो, वीज पितो, आणि धातू होऊन परत जातो. देशातली निम्म्याहून जास्त वीज हे मोजके कारखानेच घेतात. पर्यटन मात्र अलीकडचं. २०१० मध्ये एयाफ्यातलायोकुल ज्वालामुखीच्या राखेने अर्ध्या युरोपची विमानं जमिनीवर बसवली आणि त्या निमित्ताने जगाला हा देश नकाशावर सापडला. २०१८ मध्ये साडेतीन लाखांच्या देशात २३ लाख पाहुणे येऊन गेले.

चौथा खांबही त्यांनी उभारला होता, बँकांचा. तीन बँका इतक्या फुगल्या की त्यांची मालमत्ता देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दहापट झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये आठवड्याभरात तिन्ही कोसळल्या. त्यांचं चलन क्रोना वर्षभरात डॉलरसमोर जवळपास निम्म्यावर आला. परकीय चलनात घराचं कर्ज घेतलेल्यांचा हप्ता रात्रीत दुप्पट झाल्यासारखा झाला. लोक जानेवारीच्या थंडीत संसदेसमोर भांडी बडवत उभे राहिले, सरकार पडलं. परदेशी ठेवीदारांची भरपाई आपल्या करातून करायची का, यावर दोनदा सार्वमत झालं, दोन्हीदा लोकांनी नाही म्हटलं. पैसा देशाबाहेर नेण्यावरची बंधनं २०१७ पर्यंत चालली. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण तुम्ही बचत करून पैसे बाहेर न्यायलाच जाताय.

मॉरिशसची गोष्ट मला जास्त आवडते, हे कबूल करून टाकते. १९६१ मध्ये जेम्स मीड नावाच्या अर्थतज्ज्ञाने पाहणी करून लिहिलं की या बेटाचं काही खरं नाही. पीक एकच, ऊस. लोकसंख्या वाढतेय, जमाती अनेक, कामं नाहीत. या मीडना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं, म्हणजे माणूस काही ऐरागैरा नव्हता. बेट १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालं. आणि मग त्यांनी काय केलं? साखरेला आधी ब्रिटनकडून आणि मग युरोपकडून बांधून मिळालेला चढा भाव होता. त्या पैशावर १९७० पासून निर्यातीसाठी कापडाचे कारखाने काढले. कापडाच्या जोडीला किनाऱ्यावर हॉटेलं आली. त्यानंतर परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांची नोंदणी. एक खांब डळमळायच्या आत दुसरा उभा करत राहिले. २००५ मध्ये कोणत्या देशाने किती कापड विकायचं याचा जागतिक कोटा संपला, पाठोपाठ युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, दोन्ही घाव सोसून देश उभा राहिला. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने त्यांना उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवलं. वर्षभरात परत खाली उतरवलं. कारण मधल्या काळात कोविडच्या साथीमुळे बेटाची दारं बंद झाली होती आणि उत्पन्न एका वर्षात सुमारे १५ टक्क्यांनी घसरलं होतं. दारं पूर्णपणे उघडली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्यातच जुलै २०२० मध्ये वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टात त्यातलं तेल सांडलं. लोकांनी उसाचा पाला आणि केससुद्धा भरून तेल अडवायला लांबच लांब बोळे शिवले.

तुम्ही ज्या एबेनला जाणार ते या चौथ्या-पाचव्या खांबाचं गाव आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत तिथे उसाचं शेत होतं, आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत कॉल सेंटर, सॉफ्टवेअर, फंडांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या. तुमची कंपनी यातली कोणती, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते महत्त्वाचं आहे. मॉरिशसमार्गे भारतात गुंतवणूक करणाऱ्यांना १९८२ च्या करारामुळे भांडवली नफ्यावर कर लागत नसे. २०१६ मध्ये तो करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सवर कर लागू झाला. ज्या कंपनीचा सगळा धंदा अशा एखाद्या कलमावर उभा असेल तिथली नोकरी एका सहीने हलते. जगभरच्या ग्राहकांसाठी साधं सॉफ्टवेअर बनवणारी असेल तर फारशी चिंता नाही. पहिल्या फोनवर हेच विचारा.

बचतीचं म्हणाल तर दोन्ही चलनं लहान, दोन्ही तऱ्हेवाईक. क्रोना वरखाली होतो, झपाट्याने पडतो आणि सावरतोही. मॉरिशसचा रुपया पडत नाही, झिजतो : २०१० च्या सुमारास डॉलरला ३० होता, २०२४ मध्ये ४६ च्या आसपास. आइसलंडमध्ये फेब्रुवारी २०२३ ला महागाई १० टक्क्यांवर गेली होती आणि मध्यवर्ती बँकेने व्याजदर ९.२५ टक्क्यांपर्यंत नेला. तिथली बरीच गृहकर्जं महागाईला बांधलेली असतात, हप्ते भरत असतानाच मुद्दल वाढताना दिसतं. तीन-चार वर्षांसाठी जाताय तर तिथे घर विकत घ्यायचा विचारही करू नका. भाड्याचं घर मिळतानाच घाम फुटेल. पगारातून पेन्शन फंडात तुमचे ४ टक्के जातात आणि मालक ११.५ टक्के घालतो. देश सोडताना त्यातलं काय हाती येतं ते आधी लेखी विचारून घ्या, ही रक्कम लहान नाही.

राहणीमानाच्या तुमच्या ओळी मी भराभर ओलांडते. हवा? डिसेंबरात रेक्याविकला सूर्य साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. जूनमध्ये मध्यरात्रीपर्यंत मावळतच नाही, मुलीला झोपवायला जाड पडदे लागतील. थंडी मात्र लोकांना वाटते तेवढी नाही, वारा आहे. घर जमिनीखालच्या गरम पाण्याने ऊबदार राहतं, आंघोळीच्या पाण्याला किंचित गंधकाचा वास येतो. मॉरिशसला उलट तऱ्हा : पाऊस यायला उशीर झाला की नळाला ठरावीक तासच पाणी, म्हणून घरोघरी छपरावर टाकी. वीज अजून बरीचशी कोळसा आणि तेलाची, हंगामात उसाच्या चिपाडांची. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. १९६० मध्ये कॅरोल नावाच्या वादळाने हजारो घरं झोपवली, तेव्हापासून तिथे काँक्रीटची घरं आली. जानेवारी २०२४ च्या बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या. गर्दीच्या वेळी रस्ते तुंबतात, पण आता पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत मेट्रो आहे.

या ओळींत मला एकच फरक मोलाचा वाटतो. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री आइसलंडमधलं ग्रिंडाविक नावाचं मासेमारीचं गाव, जवळपास ३,८०० वस्तीचं, भूकंप आणि जमिनीखालून सरकणाऱ्या शिलारसामुळे रिकामं केलं. काही महिन्यांत सरकारने कायदा करून तिथली घरं विकत घ्यायची तयारी दाखवली. संकट एकट्या घरमालकाच्या डोक्यावर ठेवलं नाही. तुम्ही भरणार ते ४६ टक्के कशासाठी, याचं हे उत्तर आहे. मॉरिशसही सरकारी दवाखाना आणि शाळा फुकट देतं, साथीत खाजगी कामगारांच्या पगाराला सरकारने हातभार लावला होता, तेव्हा त्यांना निष्ठुर म्हणता येणार नाही. पण तुमच्या बरोबरीचे लोक तिथे खाजगी क्लिनिकला जातात आणि पदरचे पैसे भरतात. आइसलंडमध्येही सरकारी आरोग्य विमा सहा महिने राहिल्यावर लागू होतो, तोवरचा खाजगी विमा तुमचा तुम्हाला काढायचा आहे.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. खरं तर पत्रातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य तेच.

मी नवऱ्याच्या नोकरीमागे एका थंड देशात दोन वर्षं काढली आहेत. घर सुंदर होतं, देश सज्जन होता. नवरा सकाळी ऑफिसला जायचा, तिथे सगळे इंग्रजी बोलायचे. माझा देश वेगळाच होता. त्यात दुकानातल्या पाट्या, शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या आणि शेजारणीचं हसू होतं, आणि यातलं फक्त हसू मला वाचता यायचं. माझी पदवी कपाटात होती. नवऱ्याने तेव्हा तक्ता केला नव्हता म्हणून मला असा नेमका प्रश्न सुचला नाही, इतकंच.

रेक्याविकला तुमचं ऑफिस इंग्रजीत चालेल. वहिनींचं क्षेत्र शाळा. तिथे शिक्षक म्हणवून घ्यायला परवाना लागतो आणि आइसलँडिक चांगली यावी लागते. ती भाषा दोन वर्षांत बोलता येईल, वर्गात उभं राहून गणित शिकवण्याइतकी यायला जास्त काळ जातो. सुरुवातीला हाती येण्यासारखं काम म्हणजे बालवाडीतल्या मदतनिसाचं वगैरे. ते हलकं काम नाही, पण माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला ते हवं आहे का, हे तिलाच विचारायला हवं. एबेनच्या आसपास सरकारी कारभार आणि शाळा इंग्रजीत चालतात. शालान्त परीक्षा केंब्रिजच्या असतात. गणिताच्या शिकवण्यांचं तर बेटाला वेडच आहे. रस्त्यावर क्रेओल ही तिथली बोली ऐकू येईल, वर्तमानपत्र फ्रेंच असेल, पण वर्गात त्यांना उभं राहता येईल. अर्थात जोडीदाराच्या परवान्यावर नोकरी करता येते की वेगळा परवाना काढावा लागतो, हे दोन्ही कंपन्यांकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. "होऊन जाईल" या उत्तरावर विसंबू नका.

मुलीच्या बाबतीत मी पलटी खाते. सात वर्षांची मुलगी वर्ष-दीड वर्षात आइसलँडिक फाडफाड बोलेल आणि तुम्हाला दुकानात दुभाषी म्हणून उपयोगी पडेल. शाळेत पोहणं सक्तीचं, दुपारनंतर मैत्रिणींकडे एकटी चालत जाणं सहज, शिकवण्या नाहीत. मॉरिशसला प्राथमिकच्या शेवटी परीक्षा आहे आणि तिची धास्ती आधीपासूनच घरात शिरते. एक गंमत म्हणजे तिथल्या शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय असतो आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी. दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांत मराठी माणसंही होती, त्यांची ही देणगी. पण त्यांच्या घरात आज क्रेओल बोलतात आणि ते स्वतःला मॉरिशियन म्हणवतात. आयते नातेवाईक मिळतील अशा भ्रमात जाऊ नका, त्यांनाही ते जड जाईल.

तुम्ही सरळ विचारलंत, तर सरळ सांगते. बेत खरोखर तीन-चार वर्षांचा असेल तर मॉरिशस. वहिनींची नोकरी धरली तर दोन पगार होतील, कर कमी, आणि परत निघताना दोघांच्याही बायोडेटात खंड नसेल. आइसलंड तीन वर्षांत परवडत नाही. पहिलं वर्ष थंडी, घर आणि कागदपत्रांत जातं, दुसरं भाषेत, तिसऱ्या वर्षी कुठे बस्तान बसतं. तुमच्यासारख्या तज्ज्ञ परवान्यावर कायम वास्तव्याचा अर्ज साधारण चार वर्षांनी करता येतो, नागरिकत्वाचा सात वर्षांनी. नेमकं दार उघडायच्या वेळी तुम्ही सामान बांधत असाल. मात्र मनातल्या मनात "एकदा गेलो की बघू, कदाचित तिथेच राहू" असं चाललं असेल (तुमच्या पत्राचा सूर मला तसा लागला), तर आइसलंडचा विचार वेगळ्या हिशेबाने करा. मग पहिली दोन वर्षं एकाच पगाराची धरा आणि भाषेच्या वर्गाचा खर्च वहिनींच्या नावाने आधी बाजूला काढा.

महिनाअखेरीला वेळ आहे. या आठवड्यात दोन फोन करा, दोन्ही कंपन्यांत जोडीदाराला घेऊन गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याला. आणि त्या फोनवर तुम्ही बोलू नका. वहिनींना बोलू द्या, शक्य असेल तर पलीकडच्याही बायकोशी. तुम्ही तोवर मुलीला घेऊन बाहेर जा. परत आल्यावर एक्सेल उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवा आणि पंधरावी ओळ त्यांना भरू द्या. त्यांनी काय भरलं ते मला कळवलंत तर आवडेल.